रिकामा डबा परत देत नाहीत

आमच्या ओटीवरचा झोपाळा माझ्या आजेसासऱ्यांनी करून घेतलेला. त्याच्यावर बाळंतिणी बसल्या, पोरं लोंबकळली, मुंबईचे चाकरमानी दुपारचे आडवे झाले. त्याने कधी हूं का चूं केलं नाही. गेल्या मे महिन्यात मी टेकले आणि कडी कुरकुरली. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "तेल घालायला झालंय." आठवड्याभराने माझे रक्ताचे रिपोर्ट आले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तेल कमी करा."

उंची पाच फूट दोन इंच, वजन 71 किलो. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे बीएमआय डॉक्टरांच्या आधीच काढून ठेवला होता: 28.6. आपल्याकडे 23 च्या पुढे वजन जास्त आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा 6.1 आला. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. उंबरठ्यावर बसू नये असं सासूबाई नेहमी सांगतात. मी तर तिथे पाट मांडून जेवत होते.

पुण्याच्या एका आहारतज्ज्ञ मुलीने फोनवरून आठवड्याचा तक्ता पाठवला. सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोली परतून, संध्याकाळी भाजलेलं पनीर, मध्येच चिया. खाली ठळक अक्षरांत 'भात बंद'. मुलगी गोड होती. वेंगुर्ल्याच्या बाजारात ब्रोकोली मागितली तर काय ऐकून घ्यावं लागतं, हे तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. भाजीवालीने मला खालून वर न्याहाळलं आणि "चाकरमानी इलेत काय?" एवढंच विचारलं.

डाएट मात्र लगेच सुरू झालं नाही, कारण आढी. माळ्यावर गवतात हापूस घातलेले होते आणि आंबा पिकायचा कुणासाठी थांबत नाही. रोज सकाळी सासूबाई वर जाऊन वास घेत आणि परडीभर आंबे खाली आणत. "आजच संपवा, उद्या जातले." तक्त्यात 'एक मध्यम फळ' लिहिलं होतं. आमच्या आवारात हापूसच्या जोडीला 'सिंधू' जातीचं एक कलमही आहे. आमच्याच वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून 1992 मध्ये आणलेली ही जात; कोय अगदी पातळ आणि बाकी सगळा गर. एरवी याचा आम्हाला अभिमान आहे. पण डाएटवालीला निदान कोय मोठी असल्याचा तरी आधार हवा असतो, तोही गेला.

शेवटी जूनच्या पहिल्या आठवड्यात आढी संपली, पाऊस लागला आणि मी सासूबाईंना सांगितलं, "आई, आजपासून मी भात बंद केलाय."

"बंद म्हणजे काय गो? तुका ताप इलो हा?"

इथे एक भाषेची अडचण आहे. आमच्याकडे जेवणं म्हणजे भात. सकाळी चार घावणे खाल्ले तरी ते 'खाल्ले', जेवण नव्हे. दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज होते, तीही जेवण नव्हे. भाकरीला फार तर नाश्त्याचा मान. त्यामुळे दुपारी मी दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी, भाजी आणि तळलेला तुकडा खाऊन उठले, तरी संध्याकाळी शेजारच्या काकी कुंपणापलीकडून विचारत होत्या, "आज जेवलंस नाय म्हणे?"

आहारतज्ज्ञाशी वाटाघाटी केल्या. उकडा तांदूळ सालासकट उकडतात, तेव्हा कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात शिरतात, वगैरे मी तिला पटवून दिलं. ती थोडी विरघळली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 सालच्या सूचनांचा हवाला देऊन म्हणाली, "धान्यांतून दिवसाची 45 टक्क्यांपर्यंत ऊर्जा चालेल. एक छोटी वाटी भात घ्या. मोजून."

मोजून! तिथेच सगळं बिघडलं. कारण आमच्या घरात मोजायचं एकच परिमाण आहे आणि त्याचं नाव 'वायच'. वायच म्हणजे थोडंसं. 'वायच घे गो' म्हणून डाव उलटा होतो आणि आपण हात आडवा करेपर्यंत भात पानात पडलेला असतो. मी एकदा गुपचूप मोजून बघितलं: सासूबाईंचा एक वायच साधारण 60 ग्रॅम शिजलेला भात, म्हणजे 80 च्या आसपास कॅलरी. एका जेवणाला सरासरी तीन वायच. ही माझी वाटी सोडून. घरातला एकमेव भरवशाचा आकडा मला असा मिळाला.

मग मी स्वयंपाकघरासाठी डिजिटल काटा मागवला. खरा शत्रू भात नसून खोबरं आहे, असा माझा संशय होता. त्या दिवशी बांगड्याच्या तिखल्याला नाही, साध्या आमटीलाच सासूबाईंनी एक कवड, म्हणजे अर्धा नारळ, खोवला. मी खोवलेलं खोबरं काट्यावर ठेवलं: 130 ग्रॅम. ओल्या खोबऱ्याच्या 100 ग्रॅमला साधारण साडेतीनशे कॅलरी, म्हणजे झाल्या साडेचारशेच्या वर.

सासूबाई आडोळीवरून, म्हणजे विळीवरून, उठल्याच नव्हत्या. तिथूनच म्हणाल्या, "खोबरां जोखतत? सोन्याचो नारळ आसा काय तो?"

आता हा प्रश्न नववीच्या पुस्तकात घालण्यासारखा आहे. एका टोपात 455 कॅलरींचं वाटप आहे. टोपातून चार माणसं जेवतात. मुलगा फक्त वरचं पातळ घेतो. नवरा तळ ढवळून दाट घेतो. सासूबाई दुपारी कमी आणि रात्री उरलेलं घेतात, आणि रात्री आटलेली आमटी अधिक चविष्ट म्हणून मीही घेते. तर सुनेच्या पोटात किती? सोलकढीचं गणित तर उच्च शिक्षणाला जातं. खोबरं वाटून पहिलं दूध, मग पाणी घालून दुसरं, चोथा उरतो. कॅलरी दुधात किती उतरल्या आणि चोथ्यात किती राहिल्या? मी वहीत समीकरण मांडून बसले असताना सासूबाई चोथा उचलून चटणीला घेऊन गेल्या.

मी सुचवलं, नारळाशिवाय फुटी कढी करू. कोकमाचं आगळ, पाणी, मीठ, मिरची, कोथिंबीर. कोकमात वजन उतरवणारं आम्ल असतं म्हणून लोक त्याच्या गोळ्या महाग घेतात, हेही ऐकवलं. त्या गोळ्यांनी वजन उतरतं असं काही पक्कं सिद्ध झालेलं नाही, हे सांगितलं नाही. सासूबाई खूश झाल्या. फुटी कढी खरंच झाली. आणि सोलकढी वाचली म्हणून त्या दिवशीची पूर्ण कवड काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात पडली. आवारात बारा माड असले की नारळ वाचत नाही, फक्त जागा बदलतो.

काट्याचं पुढे काय झालं तेही सांगते. मुंबईच्या नणंदेला पाठवायची कोकमाची सोलां जोखायला तो माजघरात गेला, तो परत आला नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. मला वाटलं, हे 61 दिवस सरकारनेच माझ्यासाठी राखून ठेवलेत: तळलेली सुरमई नाही, रव्यात घोळवलेला बांगडा नाही. एका मोठ्या चमचाभर तेलात सव्वाशे कॅलरी असतात आणि रवा ते स्पंजासारखं पितो, तेव्हा ही मोठीच बचत. पण बंदीत सुकी मासळी निघते. चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा मी आहारतज्ज्ञाला फोटो काढून पाठवला. "उत्तम," ती म्हणाली, "प्रथिनं आहेत, तेल नाही." सगळं खरं. सुका बांगडा स्वतः निष्पापच आहे. तो फक्त भात ओढतो. बोटाएवढा तुकडा आणि दोन वाट्या पेज, आणि बाहेर पाऊस. कुळथाच्या पिठीचंही तेच. शंभर ग्रॅम कुळथात बावीसेक ग्रॅम प्रथिनं, म्हणून तिने पिठीला 'हाय प्रोटीन सूप' म्हणून तक्त्यात मानाची जागा दिली. मी तीन दिवस ते सूप वाटीतून चमच्याने प्यायले. चौथ्या दिवशी नवऱ्याने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी ताट ओढून घेतलं आणि पिठी भातावर ओतली.

श्रावण उपासात गेला आणि उपासाने कुणाचं वजन उतरल्याचं आमच्या वाडीत तरी ऐकिवात नाही. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी. पुढचं बोलायला नको. गणपतीतले मोदक मी मोजले नाहीत, कारण प्रसाद मोजू नये.

पण या सगळ्याहून अवघड एक गोष्ट आहे, ती तक्त्यात कुठेच बसत नाही. तक्ता गृहीत धरतो की माणूस खायचं ते ठरवून विकत आणतो. आमच्याकडे अर्धंअधिक खाणं चालून येतं. जुलैत काकींच्या परसात मोठ्या काकड्या लागल्या, की काकडीचं धोंडस, म्हणजे गूळ घातलेला केकच, एका स्टीलच्या डब्यातून येतं. टाकळ्याची भाजी कुणी आणून देतं, खाडीत गरी टाकून बसलेला पुतण्या काहीबाही टाकून जातो. नको म्हणायची सोय नाही, आणि म्हटलं तरी डबा राहतो. डबा रिकामा परत द्यायचा नसतो. मग त्यात घालायला आपण काहीतरी करायचं. ते डब्यापुरतंच होत नाही, टोपभर होतं. आणि उरलेलं कोण खाणार? रविवारी रात्री मी फोनवर आठवड्याचा बेत लिहायचे, पण खरा बेत फळीवर कुणाकुणाचे डबे उभे आहेत, त्यावरून ठरायचा. एका आठवड्याला पाच डबे होते.

चालायला जाणं हा त्यातला एकमेव सुरक्षित भाग, असं वाटलं होतं. ऑक्टोबरात मी पहाटे उभादांड्याच्या किनाऱ्यावर चालायला लागले. ओल्या वाळूत पाय रुततात, दम लागतो, घाम येतो. नवऱ्याच्या शब्दांत, 'चाललेलं दिसतं'. चौथ्या दिवशी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली होती. तीस-चाळीस माणसं दोन्ही बाजूंनी दोर ओढत होती, त्यांत माझा जुना विद्यार्थी. "बाई, येताव?" म्हणाला. व्यायामच तो, म्हणून मी पदर खोचला आणि दोर धरला. पाठ, दंड, पोटऱ्या, सगळं कामाला लागलं. अर्ध्या तासात जाळं वाळूवर आलं, चांदीसारखे तारले तडफडत होते. मी हात झटकून निघाले तर त्याने हाक मारली, "बाई, हात लावल्यात ना? मग वाटो घेऊक व्हयो."

दोर ओढणाऱ्याला वाटा मिळतो ही इथली रीत. शाळेत मीच याला प्रमाण-भागीदारी म्हणून शिकवते, तेव्हा नाही कसं म्हणू? पिशवी नव्हती म्हणून पदराच्या टोकात दोनेक किलो तारले बांधून घरी आले. तारला हा चरबीचा मासा. चांगल्या चरबीचा, असं म्हणतात. सासूबाईंनी मला सकाळी लवकर उठल्याबद्दल पहिल्यांदाच शाबासकी दिली, आणि तिरफळं घालून तिखलं झालं. अर्थात दोन किलो घरात संपणार नव्हतं. दोन डबे काढले.

दिवाळीनंतर डॉक्टरांच्या काट्यावर 68.9 भरलं. दोन किलो शंभर ग्रॅम. मी ते घरी येऊन अभिमानाने सांगितलं. सासूबाईंनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"आगे, सुकलंस गो! कोणाची नजर लागली तुका?"

त्याच संध्याकाळी मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका आला नाही, म्हणजे नजर जबरदस्त होती. माझी तब्येत सुधारावी म्हणून दुसऱ्या दिवशी शिरवाळे, म्हणजे नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया, करायचं त्यांनी जाहीर केलं.

झोपायच्या आधी मी फळी आवरली. मागे ओट्सचं पाकीट सापडलं, जूनमध्ये आणलेलं, एकदाच फोडलेलं. आणि पुढे काकींचा डबा, तीन दिवस रिकामा. मला एकदम बुद्धी सुचली. सकाळी उठून ओट्सचा गाजर-मटार घालून उपमा केला, खोबरं एक चिमूटही नाही, आणि कुंपणावरून डबा दिला. "पौष्टिक आहे काकी, साखर आटोक्यात राहते."

संध्याकाळी काकी कुंपणाशी आल्या.

"बरो होतो गो. आमच्या तांबडेक लय आवाडलो."

तांबडी त्यांची गाय. आणि त्यांच्या हातात डबा होता, तोच. घासलेला, झाकण घट्ट लावलेला, तळाकडून कोमट.

"वायच खापरोळी केलंय, नारळाच्या गोड रसातली," म्हणाल्या.