कॉम्प्युटर बदलू म्हणतोय

चांगला चालणारा कॉम्प्युटर बदलावा असं कुणाच्या मनात आपणहून येत नाही. वरून फर्मान यावं लागतं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, संपला आणि गुमान टॅली चालवणारं मशीन रातोरात अपात्र ठरलं. विंडोज 11 च्या अटी अशा: 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा, टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. आपल्याकडं सोयरीक जमवतानासुद्धा इतक्या पिढ्या कुणी काढत नाही.

त्यातल्या टीपीएमच्या अटीनं लगेच हबकू नये. पुष्कळदा तो मशीनमध्ये असतो, नुसता झोपलेला असतो. विंडोज आणि आर ही बटणं दाबून tpm.msc टाइप करा. 'सापडला नाही' असं आलं तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम चालू करा. पिढीच कमी पडत असेल तर मात्र इलाज नाही. मग सल्लागार जमतात.

पहिला सल्लागार पुण्यात आयटीत असलेला भाचा. प्रत्येक घराला एक नेमून दिलेला असतो. "मामा, मॅक घ्या, टेन्शनच नाही." यंत्र देखणं आहे, बॅटरी दिवसभर पुरते, लाईट गेली तरी पडदा मालवत नाही, भारनियमनाच्या मुलखात हा गुण मोठाच. पण अ‍ॅपलनं मॅकबुकसाठी भोवतालचं तापमान 10 ते 35 अंश सांगितलंय. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा 43 वर, वर पत्र्याची खोली. एम1 पासूनच्या एअरला पंखाच नाही; तापला की तो जळत नाही, आपला वेग आपणच कमी करतो. दुपारी एक ते चार आपणही तेच करतो, त्यामुळं दोष द्यायला तोंड राहत नाही.

खरी अडचण कामाची आहे. टॅली विंडोजसाठीच बनते. जुन्या पत्रिका, ठराव, लेटरहेड श्रीलिपी या जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये बसवलेले. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर 'चि. सौ. कां.'च्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये टाइप केलेलं मात्र कुठंही उघडतं. गुत्तेदार असाल तर ई-टेंडरच्या सहीचं टोकन आधी मॅकवर लावून बघा. आणि पेन ड्राइव्ह! तो विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर मॅक त्यातलं वाचतो, पण त्यात लिहीत नाही. फाइल दिसते, उघडते, आणि झेरॉक्सवाल्याकडं न्यायची म्हणून काही टाकायला जावं तर नकार. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट केला की दोन्हीकडं चालतो. पण फॉरमॅटनं आतलं सगळं पुसलं जातं, आणि 'इजेक्ट' न करता हिसका मारून काढायची आपली रीत एक्सफॅटला सोसत नाही.

दुसरा सल्लागार लिनक्सवाला, म्हणजे विंडोजच्या जागी फुकटातली लिनक्स प्रणाली टाका म्हणणारा. हा गावात एकच असतो, पण कुठंही भेटतो. त्याची एक गोष्ट मला पटते: पैसे न घालवता चाखून बघता येतं. 8 जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या, लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराची आयएसओ फाइल उतरवा, रुफस या प्रोग्रॅमनं ती पेन ड्राइव्हवर चढवा. मशीन चालू होताना डेल-लेनोव्होला एफ12, एचपीला एफ9 दाबून पेन ड्राइव्ह निवडा. इन्स्टॉलच्या चिन्हाला हात न लावता नुसतं वापरा. हार्डडिस्क जशीच्या तशी राहते. त्याआधी दोन कामं विंडोजमध्येच उरकावीत. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी, कारण बायोसमध्ये ढवळाढवळ झाली की ती मागितली जाते. आणि फास्ट स्टार्टअप बंद करावा, कारण तो चालू असला की 'शटडाउन' केलेली विंडोज अर्धवट झोपलेलीच राहते आणि लिनक्सला त्या डिस्कवर लिहू देत नाही.

मिंटमध्ये वायफाय बघा, आवाज बघा, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून दोन ओळी टाइप करा. मग प्रिंट द्या. निम्मी क्रांती इथंच थंडावते. गल्लोगल्लीच्या झेरॉक्सच्या दुकानातला तो छोटा लेझर प्रिंटर, कॅननचा एलबीपी 2900, कॅप्ट नावाच्या ड्रायव्हरवर चालतो आणि लिनक्सवर तो ड्रायव्हर बसवणं म्हणजे अख्ख्या रविवारचं काम. पोस्टस्क्रिप्ट किंवा एअरप्रिंट समजणारा प्रिंटर असला तर चहा व्हायच्या आत कागद बाहेर.

तेव्हा माझं मत आडमुठं आहे: डेस्कटॉप असेल तर काहीच काढून टाकू नये. अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे नव्या तऱ्हेची वेगवान डिस्क, घ्यावी, मिंट तिच्यावर टाकावं आणि जुनी हार्डडिस्क तिच्या विंडोजसकट तिथंच ठेवावी. इन्स्टॉल होईपर्यंत जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली तर चुकून भलतंच पुसलं जायची भीती नाही. पुढं बँक, मेल, इंटरनेट मिंटवर. टॅली आणि श्रीलिपी नेट तोडलेल्या विंडोजवर. कोणतं हवं ते चालू करतानाच निवडायचं. फक्त एसएसडीच्या डब्यात साटा केबल सहसा येत नाही. दुकानातून निघतानाच ती मागून घ्यावी, नाहीतर कॅबिनेट उघडं टाकून भर उन्हात परत जावं लागतं, आणि दुकानदार गल्ल्यावरूनच विचारतो, "काय हो, मॅक घेणार होतात ना?"