आईने मोबाइल काढून घेतला, कलम कुठलं?

नववीच्या पोरांना मूलभूत हक्क शिकवायचे कसे, यावरून बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या कट्ट्यावर चांगलीच जुंपली. अण्णांचं म्हणणं ठाम: सहा हक्क, कलम १४ ते ३२, क्रमाने तोंडपाठ. पाठ असलं की वेळेला आठवतं.

"काय आठवतं, अण्णा?" ताई म्हणाली. ती शाळेत हाच विषय शिकवते. "वर्गात पहिला प्रश्न ठरलेला. आईने मोबाइल काढून घेतला, म्हणजे माझ्या स्वातंत्र्याच्या हक्काचा भंग ना? कलमं घडाघडा म्हणणारी मुलंही इथे अडकतात."

वकिलांनी चहा खाली ठेवला. "कारण हक्क कोणाविरुद्ध, हे त्यांना सांगितलेलंच नसतं. मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतात: सरकार, विधिमंडळ, महानगरपालिका. कलम १२ त्यासाठीच आहे. आई त्यात बसत नाही. पण काही कलमं खासगी माणसालाही बांधतात. १५(२) दुकानं-हॉटेलांत प्रवेशाबद्दल, १७ अस्पृश्यतेबद्दल, २३ वेठबिगारीबद्दल, २४ बालमजुरीबद्दल. हा फरक पहिल्या तासाला झाला नाही, तर पुढचं सगळं गढूळ."

ताईची पद्धत चिठ्ठ्यांची. चाळीस मुलं, पाच-पाचांचे आठ गट, प्रत्येकाला एक प्रसंग आणि दहा मिनिटं. प्रश्न तीनच: कोणी अडवलं? कुठला हक्क किंवा कायदा? दाद कुठे मागायची? एका चिठ्ठीत पोलिसांनी एकाला तीस तास कोठडीत ठेवलंय, मॅजिस्ट्रेटसमोर नेलेलंच नाही. कलम २२ प्रमाणे मुदत चोवीस तासांची, प्रवासाचा वेळ सोडून. दुसऱ्या चिठ्ठीत तेरा वर्षांचा मुलगा चहाच्या गाडीवर कप धुतोय. इथे मुलं हमखास कलम २४ लिहितात आणि चुकतात. ते कलम कारखाने, खाणी आणि धोक्याच्या कामांपुरतं आहे. चहाच्या गाडीला लागू होतो तो १९८६ चा बालमजुरी कायदा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्यांना सगळ्याच कामांवर बंदी आहे. सवलत शाळेच्या वेळेबाहेर घरच्या धंद्यात हातभार लावण्याला आणि बालकलाकारांना.

"आणि सातवीतल्या पोराला मास्तरांनी छडी मारली, ही चिठ्ठी?" अण्णांनी मिश्कीलपणे विचारलं.

"ती तर हवीच. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. बऱ्याच शाळा नेमकी तीच गाळतात. मग पोरांना बरोबर कळतं, हक्क म्हणजे फाटकाबाहेरची गोष्ट."

तिसऱ्या प्रश्नाला मुलं सरसकट 'सुप्रीम कोर्ट' लिहितात. थेट तिथे दाद मागायला कलम ३२ आहे म्हणा, पण नववीतली पोर तिथवर जाणार कशी? वकिलांचा आग्रह जवळच्या दारांचा: बालकांसाठी १०९८ ही हेल्पलाइन, शिवाय जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. स्त्रिया आणि मुलांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

एवढा वेळ गप्प असलेले भाऊ आता उसळले. "हक्क, हक्क! आधी कर्तव्यं शिकवा. आणि हे मानवी हक्क म्हणजे शेवटी बाहेरून आलेलं."

"बाहेरून?" ताई म्हणाली. "संयुक्त राष्ट्रांच्या ज्या आयोगाने १९४८ चा जाहीरनामा घडवला, त्यात हंसा मेहता होत्या. आपल्या संविधान सभेच्या मूलभूत हक्क उपसमितीतही त्याच. नंतर इथल्या सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे, भाऊ."

कर्तव्यांचं उत्तर वकिलांनी दिलं. ५१क हे कलम १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलं. ते जरूर शिकवा, पण कर्तव्य केलं तरच हक्क, असा सौदा संविधानात नाही. भाऊंना ते पटलं नाही, पण चहा मात्र त्यांनीच मागवला.

खरी गडबड होते ती उत्साहात. हात वर करून मत घेतलं, की पस्तीस मुलं पाचांचा हक्क निकालात काढतात आणि बहुमताने हक्क ठरतो असं शिकून घरी जातात. जातिभेदावर नाटुकलं बसवलं, तर ज्याला ते रोज सोसावं लागतं त्याच्यावरच वर्गाच्या नजरा खिळतात. त्यापेक्षा नोंदलेला इतिहास घ्यावा. १९१७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोद्यात नोकरीला आले आणि जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. तो प्रसंग वाचून १५(२) समोर ठेवावं. त्या प्रसंगाची आठवण जपणारी सयाजीबागेतली संकल्पभूमी जवळच आहे. 'तुमच्यावर काय अन्याय झाला ते सांगा' असं तर भर वर्गात विचारूच नये. कोणी लैंगिक छळाचं काही बोललं, तर 'कोणाला सांगणार नाही' असं वचन शिक्षकाने देऊ नये. पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

अण्णांनी शेवटचा मुद्दा काढला. "मर्यादा कधी शिकवणार? १९(२), म्हणजे भाषणस्वातंत्र्यावरच्या मर्यादा, वाचलं की पोरं म्हणतात, दिलं आणि काढून घेतलं."

त्यासाठी केरळचा खटला. राष्ट्रगीताच्या वेळी तीन भावंडं आदराने उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. निकाल आधी सांगायचा नाही, ताईने बजावलं. सांगितला की सगळी पोरं न्यायाधीशांच्या बाजूने होतात. प्रत्येकाने स्वतःचा निर्णय दोन कारणांसह लिहायचा, मगच उघड करायचं: १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलांना परत घ्यायला लावलं, कलम १९ आणि २५ च्या आधारे. गाणं सक्तीचं करणारा कायदाच नव्हता, आणि नुसतं शाळाखात्याचं परिपत्रक हक्कावर मर्यादा घालायला पुरत नाही.

"छान. पण बोर्ड विचारणार 'हक्कांची नावं लिहा'," अण्णा म्हणाले.

"बोर्ड विचारू दे. घटक चाचणी शाळेची असते. प्रसंग द्यायचा, पाच गुण: कलमाला एक, कोणाविरुद्ध याला दोन, दाद कुठे याला दोन."

"तपासायला वेळ लागेल."

"लागतोच," ताई म्हणाली.