पेटवू नका, कुजू द्या!

आज परत शेजारच्या रानात पाचट पेटवलं. दुपारभर धूर, वाळत घातलेल्या कपड्यांना वास, आणि वर ऐकायचं, "मोकळं झालं रान!" मोकळं कशाचं? काडातला जवळजवळ सगळा नत्र हवेत गेला, गंधकही बराचसा गेला. उरली ती राख, आणि तीही वाऱ्याने बांधापलीकडे. आता हाच माणूस युरियाच्या गोणीसाठी धावणार. जीव जळतो हे बघून.

बोलायला गेले तर म्हणाले, "ते जिवाणू-बिवाणू करून बघितलं, काही होत नाही."

होत नाही कसं? आमच्या आईचा ढीग मी बघितलाय ना! कल्चर, म्हणजे काड कुजवणाऱ्या जिवाणूंची बाटली, विकणाऱ्याने सांगितलं होतं, बाटली पाण्यात मिसळा, वरून शिंपडा, विसरून जा. तसं केलं तर ढीग होता तसाच, वाळका. मग आईने त्याचा नाद सोडला. पाचटाची कुट्टी करून घेतली. एक थर कुट्टी, वर शेणकाला, किंचित युरिया, परत थर. ओल किती? मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये. थोड्याच दिवसांत मी त्यात कोपरापर्यंत हात घातला, तर आत हात ठेववेना!

ती धग जिवाणूंची. काडातलं सेल्युलोज म्हणजे साखरेचीच लांब साखळी. जिवाणू विकरं (एन्झाइम) सोडून ती तोडतात, साखर खातात, त्यातून उष्णता निघते. ढीग ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकला तर तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतूही मरतात. गाय काड पचवते ती तरी कुणाच्या जिवावर? पोटातल्या जिवाणूंच्याच ना?

पण नुसत्या काडावर त्यांचं भागत नाही. गव्हाच्या काडात एक भाग नत्रामागे ८० भागांच्या आसपास कर्ब (कार्बन) असतो. ढीग नीट कुजायला तो २५ ते ३० लागतो. आईचा शेणकाला त्यासाठीच. बाटलीतले जिवाणू खोटे नसतात हो, पण कोरड्या, उपाशी ढिगावर ते काय करणार? विकणाऱ्याने एवढं सांगायला नको? शेतकऱ्याचा विश्वास इथेच उडतो आणि मग काडेपेटी निघते. खरं सांगू, पेटवणाऱ्यापेक्षा मला राग याचाच जास्त आहे.

मजूर मिळत नाहीत, पुढच्या पिकाची घाई असते, मान्य. ताजं काड तसंच गाडलं तर जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं, हेही खरं. काडाला कडकपणा देणारं लिग्निन तर जिवाणूंना सहज दाद देत नाही, तिथे बुरशीच लागते. वेळ जातो.

पण जाऊ दे ना वेळ! ढीग उलटताना आत पांढरट-राखाडी थर दिसला, तेव्हा लोक म्हणाले, बुरशी लागली, फेका. ते ॲक्टिनोमायसीट्स होते, धाग्यांसारखे वाढणारे जिवाणूच. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो, तो मुख्यतः त्यांच्यामुळे. आईने मूठभर उचलून हुंगलं आणि म्हणाली, "लागलंय कामाला."

तुमच्यापैकी कुणाचा ढीग थंड पडला असेल तर पेटवू नका. मधलं मूठभर काढून दाबून बघा. कोरडं असेल तर पाणी मारा. चिकट असून घाण वास येत असेल तर उलटा, हवा खेळू द्या. ओल बरोबर असूनही गरम होत नसेल तर शेणकाला वाढवा. तरीही अडलं तर खाली कमेंटमध्ये फोटो टाका, आईला दाखवून सांगते.