.३२ घेताय? मग आधी .२२ चालवा

मंडळी, पोस्ट मोठी आहे, पण शस्त्र परवान्याचा अर्ज केलेले इतके जण सारखं विचारतायत की एकदाच सगळं लिहून टाकतो. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, कुठला बोअर (नळीचा व्यास, म्हणजेच काडतुसाचा आकार; .३२, .२२ हे इंचात) घेऊ? आणि यूट्यूबवर अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघून आलेले असतात, त्यामुळे ९ एमएम भारी का .४५ भारी इथूनच सुरुवात. अरे, तो वाद आपला नाहीच. सर्व्हिस ९ एमएमचं काडतूस ज्यात चालतं ते पिस्तूल आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी, .३८० आणि .४५५ च्या रिव्हॉल्वरचंही तेच. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर असलं हत्यार बेकायदा सापडलं तर कमीत कमी ७ वर्षं कैद, जास्तीत जास्त १४. त्यामुळे कोणी "नाइन एमएम करून देतो" म्हणाला तर त्या माणसाशी संबंधच ठेवू नका.

मग सामान्य माणसाला जवळ बाळगायला उरतं काय, तर .३२. आणि इथे पहिला घोळ होतो कारण .३२ म्हणजे एकच काडतूस असं लोकांना वाटतं. रिव्हॉल्वरचं ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, पुंगळी (काडतुसाचं पितळी नळकांडं) साधारण २३ मिलिमीटर लांब, मागे चांगली कड असलेली. पिस्तुलाचं ते .३२ एसीपी, ज्याला ७.६५ पण म्हणतात, अमेरिकन बंदूक डिझायनर जॉन ब्राउनिंगने १८९९ च्या सुमाराला काढलेलं, पुंगळी जेमतेम १७ मिलिमीटर. गोळीची जाडी जवळपास सारखीच असल्यामुळे पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्वरच्या चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतूस बसायच्या भोकात) सरळ जाऊन बसतं आणि लोक ते उडवतात सुद्धा! करू नका, त्याचा दाब रिव्हॉल्वरच्या काडतुसापेक्षा बराच जास्त असतो. दुकानात डबी हातात घेतली की आधी त्यावरचं नाव वाचा. आपल्या खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीचा माल असेल तर पुंगळीच्या बुडावर केएफ असा शिक्का दिसेल, १८६९ पासूनचा कारखाना आहे तो, पुणेकरांना त्याची भिंत रोज दिसते पण आत काय बनतं ते फारसं कोणाला माहीत नसतं.

आता ताकदीचं. ती ज्यूलमध्ये मोजतात. .३२ रिव्हॉल्वरची ९८ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) शिशाची गोळी दीडशे ज्यूलच्या आसपास, .३२ एसीपी थोडी वर, पावणेदोनशेच्या जवळ. ९ एमएम आणि .४५ दोन्ही साधारण पावणेपाचशे ते पाचशे. म्हणजे फरक तिपटीचा आहे आणि तो आहे हे मान्य करायलाच पाहिजे, "आपली .३२ पण तेवढीच मारते" असं सांगणारा दुकानदार भेटला तर विश्वास ठेवू नका. पण या आकड्यांवरून .३२ बेकार असं जे लोक म्हणतात तेही मला पटत नाही. एफबीआयचंच बघा ना, १९८६ ला मायामीत चकमकीत त्यांचे दोन एजंट मारले गेले, मग ९ एमएम कमी पडते म्हणून ते १० एमएमकडे गेले, तिचा झटका (गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का) झेपेना म्हणून १९९० मध्ये .४० आली, आणि पंचवीसेक वर्षांनी परत ९ एमएमवर आले. कारण काय तर एक म्हणजे गोळ्या सुधारल्या, आणि दुसरं म्हणजे कमी झटक्याच्या पिस्तुलाने बहुतेक एजंट जास्त अचूक आणि पटापट मारत होते. जगात सगळ्यात जास्त अभ्यास करणारी माणसं शेवटी लागलेली गोळी महत्त्वाची इथेच आली.

आणि लागत नाही हो! परवाना असलेले कितीतरी जण वर्षानुवर्षं एक गोळी उडवत नाहीत. रिव्हॉल्वर कपाटात, नाहीतर लग्नात कमरेला, शर्ट मुद्दाम वर करून. वरातीत हवेत उडवणं हा तर आता स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण ते सोडा, मला राग येतो तो सराव न करण्याचा. असा माणूस रेंजवर आला की मी एक गोष्ट करायला लावतो. सहापैकी एखाद-दोन चेंबरमध्ये रिकामी पुंगळी घालायची, सिलिंडर फिरवून बंद करायचं आणि त्याच्या हातात द्यायचं. खरी गोळी सुटते तेव्हा झटक्यात काही दिसत नाही, पण घोडा रिकाम्या पुंगळीवर पडला की नळीचं तोंड दोन बोटं खाली जाताना सगळ्यांना स्वच्छ दिसतं, मनगट आधीच मुडपलेलं, डोळे मिटलेले. टार्गेटवर सगळ्या गोळ्या खाली डावीकडे का जातात ते तिथे समजतं. आता अशा माणसाला .४५ देऊन काय होणार? आणि हलकं हत्यार घेतलं की हे अजून वाढतं. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून निर्भीक नावाची रिव्हॉल्वर आली, वजन अर्धा किलोच्या आसपास, पर्समध्ये ठेवायला छान, पण हलक्या रिव्हॉल्वरचा झटका हाताला जास्त बसतो ही गोष्ट विकताना कोणी सांगत नाही.

टार्गेटमध्ये तर मोठ्या बोअरचं कौतुक अजिबातच टिकत नाही. आयएसएसएफची (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची) २५ मीटर सेंटर फायर (बुडाच्या मध्यावर टोपी असलेल्या काडतुसांची) स्पर्धा घ्या, नियमात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतचं काहीही चालतं, म्हणजे ९ एमएम बसते, .३८ बसते. तरी वरचे नेमबाज वापरतात काय, तर .३२ लाँग, तेही सपाट तोंडाचं वॉडकटर. गोल तोंडाची गोळी कागद फाडत जाते, भोकाच्या कडा चिंध्यांसारख्या, वॉडकटर मात्र पंचिंग मशीनने पाडल्यासारखं गोल भोक पाडतं, त्यामुळे रेषेला टेकली का नाही यावर वाद होत नाही. शिवाय भोकात घालून मार्क मोजायचा गेज सगळ्यांना ९.६५ चाच, म्हणजे जाड गोळीचा मार्कात काही फायदा नाही, फक्त झटका जास्त. आपल्या नेमबाज जसपाल राणाने २००६ च्या दोहा एशियाडमध्ये ५९० मारून जागतिक विक्रमाची बरोबरी केली ती याच सेंटर फायरमध्ये.

आणि .२२ ला "पोरांची बंदूक" म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरच्या राही सरनोबतकडे बघावं, २०१८ ला इंडोनेशियात पालेमबांगला २५ मीटर पिस्तूलचं एशियाड सुवर्ण तिने .२२ नेच आणलं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधलं विजय कुमारचं रौप्यसुद्धा .२२ चं. झटका नाहीच्या बरोबर, त्यामुळे चाप कसा दाबला जातोय हे स्वतःला कळतं, आणि वाईट सवय लागतच नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, दोन्ही जागा .३२ ने भरू नका, एक .२२ साठी ठेवा. आणि परवाना अजून हातात नसेल तर थांबायचं कारण नाही, ४.५ एमएमच्या २० ज्यूलखालच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर जा, १० मीटरवर उभे राहा, सहा महिने फक्त चाप दाबायला शिका. त्या १० मीटरच्या टार्गेटचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा असतो, तिथे सगळा माज उतरतो.

जवळ बाळगायला रिव्हॉल्वर का पिस्तूल, यावर माझी पसंती अजूनही रिव्हॉल्वरच. काडतूस पेटलंच नाही तर परत चाप ओढला की पुढचं येतं, पिस्तुलात स्लाइड ओढायला दुसरा हात लागतो आणि घाबरलेल्या माणसाचा दुसरा हात नेमका कुठे असेल सांगता येत नाही. फक्त डबल ॲक्शनचा (चाप ओढला की घोडाही आपोआप मागे जातो त्या पद्धतीचा) चाप जड असतो, त्याचा सराव वेगळा करावा लागतो, घोडा मागे ओढून सावकाश मारलेल्या गोळ्यांवर खूश होऊ नका. आणि काडतुसं पावसाळ्याभर लेदरच्या पट्ट्यात ठेवू नका, पितळेवर हिरवं चढतं, कोरड्या डबीत ठेवा, जुनी आधी सरावात संपवा.

२०२३ ला कानपूरची प्रबल ही रिव्हॉल्वर आली आहे, बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरची. पुण्यात कोणी वापरत असेल तर तिचा डबल ॲक्शनचा चाप जुन्या, मधून दुमडून उघडणाऱ्या रिव्हॉल्वरच्या मानाने कसा आहे ते कमेंटमध्ये सविस्तर लिहा, बऱ्याच जणांना हवंय.