एका डाबाचे ऐंशी रुपये

डोंबिवलीच्या काकांना परवा मी ऐंशी रुपये पाठवले. दहा मिनिटांत परत आले. खाली एक ओळ: 'रोख दिले होते, रोखच घेईन.' आता परत पाठवायला त्यांनी यूपीआयच वापरलं, पण त्याचाही खुलासा लगोलग आला. 'मुलाच्या फोनवरून केले. माझ्या फोनमध्ये असलं काही नाही.'

हे ऐंशी रुपये एका डाबाचे. डाब म्हणजे शहाळं. अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर (कागदोपत्री २०१८ पासून स्वराज द्वीप, पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, नावं बदलली, माझ्या फोनची रेंज तीच) फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांची वस्ती आहे. त्यामुळे शहाळेवाला बंगाली, शहाळं डाब आणि राधानगरचा तो सुंदर किनारा म्हणजे नुसता 'सात नंबर'. या सात नंबरवर दुपारी पावणेपाचला मी डाब प्यायले, मलई खरवडून खाल्ली आणि मग फोन काढला.

चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं.

रोख नव्हती. नवरा पाण्यात आणि त्याचं पाकीट हॉटेलवर. माझ्या पर्समध्ये दोनचं एक नाणं होतं, तेही वाकडं. शहाळेवाला बिचारा शांत होता. "नेट आएगा तो जाएगा, दीदी. उधर पेड़ के पास देखो."

झाडापाशी आधीच सहा-सात माणसं फोन ओवाळत उभी होती. एक बाई ओंडक्यावर चढल्या होत्या. आणि या सगळ्यांच्या मधोमध, फोन न काढता, हात मागे बांधून आमच्याच टूरमधले काका उभे. रहदारी सांभाळावी तसे ते माणसं हलवत होते.

"अहो, तुम्ही निळ्या टोपीवाले, दोन पावलं मागे. आली? आली ना! आता हलू नका. श्वाससुद्धा बेतानं."

मग माझ्याकडे वळले. "कुठलं सिम?"

मी सांगितलं. डॉक्टर रिपोर्ट बघून करतात तसा चेहरा केला त्यांनी.

"चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली मी," काका म्हणाले. "आमच्या वेळी ट्रंक कॉल लावला की माणूस आंघोळ करून, जेवून, एक डुलकी काढून यायचा. आणि तुम्हाला दोन मिनिटं दम निघत नाही."

"काका, पैसे द्यायचेत हो त्याचे. तो थांबलाय."

"तो कुठे जातोय? बेट आहे हे." आणि मग त्यांनी सुरुवातच केली. "१० ऑगस्ट २०२० ला इथे केबल आली. चेन्नईहून, समुद्राच्या तळातून. २,३०० किलोमीटर! त्याआधी सगळा कारभार उपग्रहावर. एक मेल पाठवायला माणूस नवस बोलायचा. आणि ही केबल हॅवलॉकपर्यंतही आणलीये बरं का."

"मग माझे ऐंशी रुपये का जात नाहीत?"

"केबल बेटापर्यंत आली. तुमच्यापर्यंत नाही." हे त्यांनी इतक्या समाधानानं सांगितलं की जणू मला वगळायचा निर्णय त्यांच्याच सहीनं झाला होता. "टॉवर तिकडे, मध्ये ही एवढी झाडी. ओल्या पानांत लहरी मुरतात. शिवाय आत्ता सूर्यास्ताची वेळ. हा अख्खा किनारा एकदम फोटो चढवतोय. त्या चिंचोळ्या बोळातून तुमचे ऐंशी रुपये बाहेर पडणार कसे?"

मी फोन विमानात बसल्यासारखा बंद करून पुन्हा चालू केला. काकांनी दयेनं पाहिलं.

"इथे पाचलाच सूर्य का बुडतो, सांगा बरं?"

मला नको होतं ते. मला रेंज हवी होती.

"मुंबईपेक्षा हे वीस रेखांश पूर्वेला. घड्याळ मात्र एकच. एका रेखांशाला चार मिनिटं. वीस चोक?"

"ऐंशी," मी म्हणाले. शाळेत गेल्यासारखी.

"ऐंशी मिनिटं. आणि शहाळ्याचे?"

"...ऐंशी."

काकांना स्वर्ग दोन बोटं उरला. चड्डीच्या चोरखिशातून प्लास्टिकची पिशवी निघाली, पिशवीतून कापडी पाकीट, पाकिटातून पन्नासची, वीसची आणि दहाची, अशा तीन करकरीत नोटा. थुंकी लावून त्यांनी त्या दोनदा मोजल्या आणि शहाळेवाल्याला दिल्या. मी मागे वळले तोवर सूर्य बुडाला होता. राधानगरचा सूर्यास्त बघायला लोक कुठून कुठून येतात. मी पन्नासची नोट बघितली.

त्यानंतर चार दिवस माझी ओळख तीच. काचेच्या तळाच्या बोटीत अनोळखी नागपूरकरांना: "ह्यांचे ऐंशी मी भरले." कालापत्थरच्या किनाऱ्यावर: "ह्यांना विचारा रोख का बाळगावी ते." जेवताना भाताकडे हात गेला तरी वाटायचं, आता हे म्हणणार.

हॉटेलात म्हणे फुकट वायफाय होतं. ते फक्त रिसेप्शनच्या पंख्याखाली यायचं. रात्री साडेनऊला तिथे अख्खी टूर मांडीला मांडी लावून बसलेली, भजन मंडळासारखी, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. मी तिथे बसून माझ्या सिमच्या कंपनीचा हिशेब केला आणि डोकं तापलं. रोजचे दोन जीबी, रात्री बाराला उरलेले वाया. सहा दिवसांचे बारा जीबी मी पैसे मोजून समुद्राला अर्पण केले. वर यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. अधिक मास तीन वर्षांतून एकदा येतो, यांचा दरवर्षी! अंदमानातल्या झाडांवर राग नाही माझा. जाहिरातीत डोंगराच्या टोकावर उभं राहून व्हिडिओ कॉल करणाऱ्या त्या पोरीवर आहे.

परतताना पोर्ट ब्लेअर जवळ आलं आणि बोटीतले सगळे फोन एकदम किणकिणायला लागले. माझ्यावर एकशे त्रेचाळीस मेसेज कोसळले. सोसायटीच्या टाकीचं पाणी गेलं, पाणी आलं, पाणी गढूळ आहे. त्यातच बँकेचा एक: ऐंशी रुपये यशस्वीरीत्या जमा. सात नंबरवर मी फोन खिशात टाकल्यावर, कधीतरी, ते गेले होते. मी धावत काकांकडे. आता तरी सुटका होईल!

काकांनी मेसेज चष्मा वर करून वाचला. "म्हणजे त्याला एकशे साठ मिळाले. तो तुमचा आणि त्याचा व्यवहार. माझे ऐंशी उभेच आहेत."

संध्याकाळी सेल्युलर जेलमध्ये ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम सुरू व्हायची वाट बघत होतो. येताना मी एटीएममधून पैसे काढले होते, पण यंत्रानं नुसत्या पाचशेच्या दिल्या. एक काकांपुढे धरली. "सुटे नाहीत," ते म्हणाले. मग मी जरा वैतागूनच म्हटलं, की चार दिवस फोन चालला असता तर ही वेळच आली नसती. काका काही क्षण त्या कोठड्यांकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "इथे घरी वर्षातून एक पत्र धाडू द्यायचे."

यावर काय बोलणार कोणी? माझी तक्रार तिथल्या तिथे मेली. तरी अजून वाटतं, माझ्या ऐंशी रुपयांसाठी ते वाक्य वापरायला नको होतं त्यांनी.

कोथरूडहून डोंबिवलीला जायचं म्हणजे ऐंशी रुपयांत भागत नाही. तरी पन्नास, वीस आणि दहाची नोट पाकिटात घालून फ्रिजवर ठेवली आहे. काल काकांचा फोन आला. रेंज उत्तम होती, दोन्हीकडे.

"या एकदा घरी. आणि पाकिटावर रुपया चिकटवून आणू नका हं, हिशेब चुकतो."