पिशवीतला कागद

आमच्या जालन्याच्या शाळेचा, दहावीच्या बॅचचा एक ग्रुप आहे. एरवी तिथे वाढदिवस, कुणाच्या मुलाची ‘नीट’ परीक्षा आणि मोसंबीचे पडलेले भाव एवढंच चालतं. गेल्या महिन्यात त्यावर एक व्हिडिओ आला. धर्मांतरबंदीचा कायदा कडक हवा असं सांगताना वक्ता म्हणत होता की मिशनऱ्यांनी आपली माणसं दूधपावडरच्या डब्यांवर आणि गव्हाच्या पोत्यांवर विकत घेतली. खाली आमच्या वर्गातल्या एकानं माझं नाव घालून लिहिलं, ‘तू तर आता मूळ मालकांकडेच जाऊन पोचलीस.’ सात अंगठे आले. त्या सातांतल्या दोघींच्या डब्यातली पोळीभाजी मी पाच वर्षं खाल्ली आहे.

तीन आठवडे झाले. भांडी घासताना, गाडी चालवताना मी त्याला मनातल्या मनात उत्तरं देतेय.

मी राहते स्कॉटलंडच्या बॉर्डर्स भागात. माझा नवरा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू आहे. नऊ वर्षांपूर्वी तो चर्च ऑफ स्कॉटलंडच्या सेवेत आला, पाच वर्षांसाठी म्हणून. आज तीन गावांच्या मंडळ्या त्याच्याकडे आहेत. दहाला एक उपासना, साडेअकराला दुसरी, तिसऱ्या गावात एक रविवार सोडून. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा नऊचा. जो रस्ता दोनशे वर्षांपूर्वी इथून तिकडे गेला, त्याच रस्त्यानं आम्ही उलटे आलो.

आमच्या मॅन्सपासून, म्हणजे चर्चनं पाळकाला दिलेल्या घरापासून, वीस मिनिटांवर, ए ६८ रस्त्यावर लॉडर नावाचं गाव आहे. मिशनरी जॉन विल्सन तिथे १८०४ मध्ये जन्मला. गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज ज्याच्या नावानं आहे, तोच. १८२९ मध्ये तो बायकोला, मार्गारेटला घेऊन मुंबईत उतरला. दोघांनी मराठी शिकायला घेतली. मार्गारेटनं मुलींसाठी शाळा काढली, तीच पुढे गावदेवीची सेंट कोलंबा झाली. सहा वर्षांत, १८३५ मध्ये, ती मुंबईतच वारली. तिच्या मागे तिच्या बहिणी समुद्र ओलांडून आल्या, शाळा बंद पडू नये म्हणून. विल्सन १८७५ मध्ये गेला, तोही मुंबईतच.

लहानपणी चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत ही नावं ऐकली तेव्हा ती भिंतीवरच्या तसबिरींसारखी होती. इथे आल्यावर मला मार्गारेट माणूस म्हणून दिसायला लागली. पहिल्याच हिवाळ्यात मी एका आजारी मेंढपाळ आजोबांच्या उशाशी बसले होते. ते एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘ड्रूथी, ड्रूथी.’ मी इंग्रजी माध्यमात शिकवलेली बाई, पण तो शब्द मला माहीत नव्हता. मला वाटलं कुणा नातलगाचं नाव असेल. मी त्यांचा हात धरून मान हलवत राहिले. त्यांची लेक चहा घेऊन आत आली, तिनं ऐकलं आणि आधी पाण्याचा पेला त्यांच्या ओठाला लावला. ड्रूथी म्हणजे तहानलेला. शेजारच्या मेजावर पाण्याचा जग होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून प्रार्थना करत होते.

परक्या भाषेत कुणाची सेवा करायला निघणं म्हणजे काय, हे मला त्या खोलीत कळलं. मिशनऱ्यांना ‘एजंट’ म्हणणं सोपं आहे. एजंटाला काम झालं की परत जाता येतं. मुंबईच्या उकाड्यात, तान्ही मुलं सांभाळत, पंडितासमोर बसून ‘तहान’ आणि ‘तहानलेला’ यांतला फरक शिकणाऱ्या बाईला एजंट म्हणणाऱ्यानं स्वतः एकदा तसं करून बघावं.

विल्सन देवमाणूस होता असं माझं म्हणणं नाही. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी हिंदू धर्माच्या बाजूनं पुस्तक लिहिलं, त्याला त्यानं पुढच्या वर्षी जे उत्तर छापलं ते उद्धट आहे. त्याच्या पाठीशी राज्य होतं, माझ्या नवऱ्याच्या पाठीशी फक्त प्रेस्बिटरी, म्हणजे चर्चची विभागीय सभा आहे, हाही फरक मोठा आहे. ज्या घरचं पाणी प्यायचं त्या घरच्या देवांबद्दल असं लिहू नये. पण मोरभट समोर आले, नाव छापून आले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हजारो लोकांच्या देखत मिशनऱ्यांशी वाद घालत होते, आणि त्या वादांचा वृत्तांत जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्यानं पुस्तक करून छापला. एकमेकांच्या डोळ्यांत बघून भांडायचे लोक. माझा वर्गमित्र मला फोन करू शकला असता. नंबर आहे त्याच्याकडे.

आणि ‘मालक’. हा शब्द मला रात्री झोपू देत नाही.

१८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपती, अगदी पोरगा, तोही मिशनरींच्या घरी राहायला गेला होता. बाप कोर्टात गेला, कोर्टानं मुलगा बापाच्या ताब्यात दिला. मग प्रश्न आला की मिशनरींच्या घरी जेवलेल्याला जातीत परत घ्यायचं कसं. बाळशास्त्री जांभेकर त्या पोराच्या बाजूनं उभे राहिले, त्याला प्रायश्चित्त देऊन घ्या म्हणाले, आणि त्यासाठी त्यांनी आपल्याच लोकांचा रोष ओढवून घेतला. एका आईची दोन मुलं, दोन धर्मांत. त्यांतला थोरला पुढे जालन्याच्या बाजूला आला आणि निजामाच्या राज्यात जमीन मिळवून त्यानं बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं.

माझे खापरपणजोबा त्या बेथेलला गेले. ते मांगवाड्यातले. गावची विहीर त्यांना बंद होती, देवळाची पायरी बंद होती, मेलेलं ढोर ओढायचं काम तेवढं उघडं होतं. पोत्यावर विकत घेतले म्हणता ना, मग आधी हे सांगा की त्याआधी ते कुणाच्या मालकीचे होते? कोणत्या मालकानं त्यांना विकलं? १८५५ मध्ये मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांगाच्या मुलीनं, फुल्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनीनं, मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. आमचा धर्म कोणता, हे तिनं देवालाच विचारलं आहे. तो छापला ‘ज्ञानोदय’नं, नगरच्या अमेरिकन मिशननं १८४२ मध्ये सुरू केलेल्या पत्रानं. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि ख्रिस्ती झाले नाहीत. म्हणजे शिकून, ऐकून घेऊन, नाही म्हणता येत होतं. माझ्या खापरपणजोबांनाही येत होतं. ते हो म्हणाले. गरीब माणूस हो म्हणाला की तो विकला गेला आणि शिकलेला नाही म्हणाला की तो विचारवंत, हा कुठला न्याय?

इथे मला असं कुणी विचारत नाही. माझ्या नवऱ्याच्या व्हिसावर स्वच्छ लिहिलं आहे की हा माणूस धर्माचं काम करायला आला आहे. तो शाळेत जाऊन मुलांशी बोलतो, मयतीला उभा राहतो, कॉमन रायडिंग या इथल्या घोडेस्वारीच्या उत्सवात घोड्यांना आशीर्वाद देतो. बसमध्ये एकदा एक जण अंगावर ओरडला, ‘गो होम.’ तो प्यायलेला होता. ग्रुपवरचे सात जण शुद्धीत होते.

पण ज्यांनी आम्हाला शब्बाथ पाळायला शिकवलं त्यांच्या गावांत आज रविवारी उपासनेपेक्षा गाड्या धुणारे जास्त दिसतात, हेही सांगितलं पाहिजे. २०२२ च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त स्कॉटिश माणसांनी ‘कोणताही धर्म नाही’ असं लिहिलं. चर्च ऑफ स्कॉटलंडचे म्हणवणारे २०११ मध्ये ३२ टक्के होते, ते २० वर आले. आम्ही आलो तेव्हा आमच्याकडे चर्चच्या चार इमारती होत्या. चौथी गेल्या वर्षी विकली. शेवटच्या उपासनेला एकोणीस जण होते, आम्ही चौघं धरून. बाक कुणी तरी बागेसाठी नेले. प्रभुभोजनाचं मेज जिथे होतं तिथे आता एका सुट्टीपुरत्या घराचं स्वयंपाकघर आहे. आमच्या जालन्याच्या चर्चमध्ये नाताळला बाहेर मांडव घालावा लागतो. हे मी इथल्या लोकांना जरा जास्तच वेळा सांगते, आणि सांगताना मला बरं वाटतं.

आता जे लिहिते ते त्या वर्गमित्रासाठी.

गुरुवारी आमच्या चर्च हॉलमध्ये फूडबँक असते. बीन्सचे डबे, पास्ता, टिकणारं दूध, सिरीयल, लंगोट. मी पिशव्या भरते. मागच्या नाताळाआधी एक बाई आली, पंचविशीची असेल, कडेवर मुलगी, मुलीच्या नाकाला शेंबूड वाहत होता आणि पायांत मोजे दोन रंगांचे. ती कुणाकडे बघत नव्हती. मी तिची पिशवी भरली आणि वर, अगदी दिसेल असा, नाताळच्या उपासनेचा छापील कागद ठेवला. चांगल्या मनानंच ठेवला. वाटलं, हिला सोबत मिळेल, मुलीला गाणी ऐकू येतील. आमच्या उपासनेला पाळण्यातलं मूल नसतं, हेही मनात होतं. खोटं कशाला बोलू.

आमच्या सेशन क्लार्क, म्हणजे मंडळीच्या चिटणीस, ब्याऐंशीच्या आहेत. त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी तो कागद दोन बोटांनी उचलला, दुमडला आणि माझ्याच कोटाच्या खिशात घातला. हळूच म्हणाल्या, ‘नॉट विद द फूड, हेन.’ अन्नाबरोबर नको गं. मग पिशवी त्या बाईच्या हातात दिली आणि मुलीला एक शॉर्टब्रेड.

ज्या स्कॉटलंडनं विल्सनला पाठवलं त्याच स्कॉटलंडच्या एका म्हातारीनं, ज्यांना त्यानं शिकवलं त्यांच्या नातवंडांतल्या माझ्यासारखीला ते सांगितलं. मी घरी येऊन खूप वेळ कोट न काढता बसले होते. आमच्या खापरपणजोबांच्या वाट्याला आलेल्या धान्यावर असाच कुणी कागद ठेवला असेल का? असेलही. ठेवणारा चांगल्या मनाचाच असेल, माझ्यासारखा. एवढंच की तो कागद वाचता यावा म्हणून त्याला आधी अक्षरं शिकवावी लागली, आणि एकदा अक्षर आल्यावर खापरपणजोबांनी तोच कागद वाचला असं नाही. पुढच्या पिढीनं जमिनीचे कागद वाचले, माझ्या आजीनं नर्सिंगची पुस्तकं वाचली, मिशन हॉस्पिटलमध्ये ती मेट्रन झाली. जालन्यातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली. माझा हा वर्गमित्रही.

म्हणून दूधपावडरची गोष्ट सगळी खोटी आहे असं मी आता म्हणणार नाही. तीन आठवड्यांपूर्वी म्हटलं असतं. पण ‘मालक’ हा शब्द मी घेणार नाही. आमचा मालक इथे नाही आणि तिथेही नाही.

हे लिहिताना मला आणखी एक गोष्ट टाळता येत नाहीये. जॉर्ज बोवेन १८४८ मध्ये मुंबईला आला, मिशनचा पगार सोडून साध्या खोलीत राहिला आणि १८८८ मध्ये मरेपर्यंत एकदाही मायदेशी गेला नाही. चाळीस वर्षं. शब्बाथ शाळेत ही गोष्ट मी स्वतः मुलांना किती अभिमानानं सांगितली आहे. त्याच्या मागे अमेरिकेत कोण वाट बघत होतं, हे मी एकदाही विचारलं नाही.

आई जालन्यात एकटी असते. रविवारी इथे पहाटे, तिथे उपासना संपते तेव्हा, तिचा फोन येतो. ती आज कोणतं गीत झालं ते सांगते आणि ‘उपासना संगीत’मधला नंबरही सांगते, म्हणजे मी इथे पुस्तक उघडून तेच म्हणावं. माझी मुलगी शेजारी बसते, तिला चाल येते, शब्द येत नाहीत. गुडघ्यांमुळे आईला जिना चढवत नाही. तिची औषधं कोण आणून देतं? तोच. मालकांबद्दल लिहिणारा. दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता, आणि पैसे घेत नाही. हे मला आधीपासून माहीत आहे. राग येतो तो त्यामुळेच जास्त येतो.

गच्चीवरची खोली आम्ही परत येऊ म्हणून नऊ वर्षं रिकामी ठेवली आहे. माझ्या लग्नातलं कपाट तिथे आहे, नवऱ्याची सेमिनरीची पुस्तकं आहेत. परवा आई म्हणाली, ‘हे बघ, तुम्ही या की नका येऊ, ते प्रभूच्या हातात आहे. पण मला आत्ता सांग. कॉलेजच्या दोन मुली भाड्यानं मागतायत, रात्री सोबतही होईल.’

मी म्हटलं, देऊन टाक.

एक तारखेला मुली सामान घेऊन येतायत. कपाट खाली कोण उतरवणार, असं मी विचारलं. आई म्हणाली, त्याला सांगितलंय, तो दोन माणसं घेऊन येतोय.