रक्त नॉर्मल, मग पाठीतून पाणी कशाला?

आठवडाभर घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची सूज, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस, ईएसआर-सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्यांत कळते म्हणे; फार तर एमआरआय काढा. पाठीतून पाणी काढणं (मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव सुईने काढणं), बायोप्सी (मेंदूचा बारीक तुकडा काढून तपासणं) हे सगळं बिल फुगवायला. आणि स्टेरॉइडने बरं वाटलं की निदान पक्कं.

मी ठाण्यातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. निदान करणं माझं काम नाही, पण या नळ्या माझ्याच हातात येतात.

आजार फक्त मेंदूपुरता असेल तर ईएसआर, सीआरपी बहुतेक वेळा नॉर्मलच येतात. उलट ते खूप वाढलेले दिसले, तर डॉक्टर मेंदूबाहेर कारण शोधू लागतात. रक्त घेतात ते ल्युपस (प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार), एचआयव्ही, सिफिलिस वगळायला.

एमआरआयचं अर्धं खरं. या आजारात तो जवळजवळ नेहमी बिघडलेला असतो, पण तसे डाग जुन्या रक्तदाबानेही पडतात. अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या चित्रणात, मण्यांच्या माळेसारख्या आवळलेल्या वाहिन्या दिसल्या, तरी घाई नको. वीज कोसळावी तसं अचानक डोकं दुखून वाहिन्या तात्पुरत्या आवळण्याचा एक वेगळा विकार आहे. त्यातली माळ साधारण ३ महिन्यांत आपोआप सुटते आणि स्टेरॉइडने तो रुग्ण बिघडूही शकतो. शिवाय अगदी बारीक वाहिन्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत.

आता पाठीतलं पाणी. त्यात पेशी किंवा प्रथिनं वाढलेली बहुतेक रुग्णांत सापडतात. पण आपल्याकडे पहिला संशय टीबीचा घ्यावा लागतो, कारण टीबीचा मेंदूज्वरही मेंदूच्या तळाच्या वाहिन्या सुजवून पक्षाघात आणतो. तो वगळायला हेच पाणी लागतं. टीबीच्या औषधांशिवाय नुसतं स्टेरॉइड दिलं तर रुग्णाला चार दिवस बरं वाटतं आणि आत टीबी पसरत राहतो. मेंदूतला लिंफोमा हा कॅन्सरही स्टेरॉइडने आकसतो, मग बायोप्सीत काहीच हाती लागत नाही. फॉरवर्डमधला ‘पक्कं निदान’वाला सल्ला नेमका इथे जिवावर बेततो.

राहिली बायोप्सी. सूज सलग नसते, ठिगळाठिगळांनी असते. म्हणून साधारण चारातली एक बायोप्सी आजार असूनही रिकामी येते. तरी ती करतात, कारण कित्येकदा तिच्यात भलताच, वेगळ्या औषधाने बरा होणारा आजार निघतो. १९८८ साली कॅलाब्रीज आणि मॅलेक या डॉक्टरांनी या आजाराच्या निदानाचे निकष मांडले, त्यातही दुसरं कारण सापडता कामा नये ही अट आहेच.

व्हॅस्क्युलायटिस ठरला की अनेकदा स्टेरॉइडच्या जोडीला महिनोन् महिने सायक्लोफॉस्फामाइड चालतं. कॅन्सरवर वापरतात तेच औषध.